शेवटचा कधी दिसला?

नोव्हेंबर उजाडला की वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते: परदेशी पाहुणे दाखल. सोबत रोहितांच्या थव्याचा गुलाबी फोटो, धरणाचं नाव, आणि पर्यटकांची गर्दी वाढल्याची एक ओळ. मार्चमध्ये तेच पाणी ओस पडायला लागतं, तेव्हा कुणी चार ओळीही छापत नाही. बातमीदारांना दोष देण्यात अर्थ नाही. येणारा पक्षी दिसतो. जाणारा दिसत नाही. काल होते आणि आज नाहीत, एवढंच कळतं, आणि तेही आज आपण पाण्यावर गेलो तरच.

आमच्या पक्षीनिरीक्षक मंडळींचा सीझन संक्रांतीच्या आसपास संपत आलेला असतो. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, १९८७ पासून दरवर्षी होत आली आहे. ती झाली की फेब्रुवारीत एखाददुसरी फेरी, आणि मग मुलांच्या परीक्षा, चढतं ऊन, दुर्बिणी कपाटात. मला मात्र माघ सरल्यापासून पाडव्यापर्यंतचे दिवस सगळ्यांत जास्त आवडतात. त्या दिवसांत पाण्यावर जे चाललेलं असतं ते जानेवारीत अजिबात दिसत नाही. जानेवारीचा पक्षी खातो, झोपतो, पिसं साफ करतो. मार्चचा पक्षी निघायच्या तयारीत असतो, आणि तयारी लपत नाही.

तळी म्हणतो खरं आपण, पण दख्खनच्या पठारावर निसर्गानं दिलेली तळी जवळपास नाहीतच. लोणारसारखा उल्कापाताचा अपवाद सोडला तर जे पाणी आहे ते कुणीतरी अडवलेलं आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा नांदूर मधमेश्वरचा बंधारा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. तो कालव्यांसाठी बांधला, त्यात गाळ साठला, उथळ डबकी आणि पाणकणसाची बेटं तयार झाली, आणि जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत नाव लागणारं महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण तेच ठरलं. भीमेवरचं उजनी १९८० मध्ये पूर्ण झालं. आणि गावोगावचे पाझर तलाव, त्यांतले कितीतरी बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी मजुरीवर माती वाहून उभे केलेले. आमच्या गावालगतचा त्यांतलाच एक. बांधावर बाभळी, एका कडेला म्हशी धुण्याची जागा, पलीकडे गुडघाभर पाणी. यातलं काहीही पक्ष्यांसाठी केलेलं नव्हतं. पक्ष्यांना ते कुणी सांगितलेलं नाही.

त्या म्हशींच्या जागेवर फाल्गुनात बसण्यासारखं सुख नाही. तिथे पिवळे धोबी पक्षी असतात. चिखलात पळतात, शेपटी वरखाली, म्हशीच्या तोंडापाशी जाऊन माशी टिपतात आणि जीभ यायच्या आत बाजूला होतात. डिसेंबरात हे सगळे सारखे दिसतात: मळकट, हिरवट, पोटाखाली पिवळसर झाक. तेव्हा यातला कोण कुठला हे ओळखायला गेलं की दोन माणसांत तीन मतं होतात. मग हिवाळा सरता सरता त्यांची पिसं बदलायला लागतात आणि मार्चच्या मध्याला नरांची डोकी रंगून निघतात. एकाचं डोकं काळंभोर, गालापर्यंत. दुसऱ्याचं फिकट निळसर, त्यावर ठळक पांढरी भुवई. तिसऱ्याचं गडद राखी, भुवई नाहीच. हे एकाच जातीच्या वेगवेगळ्या उपजातींचे नर. काळ्या डोक्याचा कास्पियन समुद्र आणि मध्य आशियाच्या बाजूला जाणार, निळसर डोक्याचा कझाकस्तान आणि नैऋत्य सायबेरियाच्या गवताळ मैदानांत, राखी डोक्याचा त्याहूनही उत्तरेला. हिवाळाभर एकाच म्हशीच्या चार पायांमध्ये माश्या खाल्ल्या, आणि आता प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचा पत्ता लिहून आलाय. मला तर वाटतं, स्थलांतर म्हणजे काय हे शाळेतल्या मुलांना दाखवायचं असेल तर नकाशा नको, ही म्हैस दाखवावी.

बाकीच्यांचंही असंच. चक्रवाकाच्या नराच्या गळ्यात काळी बारीक कंठी उमटते. भुवई बदकाचा नर आपल्याकडे येतो तो मादीसारखे साधे कपडे घालून, आणि ती पांढरी चंद्रकोरीसारखी भुवई त्याला पुरती मिळते ती हिवाळा उलटता उलटता. उजनीवरचे तपकिरी डोक्याचे कुरव तर नवख्या माणसाला डिसेंबरात चक्क फसवतात, कारण तेव्हा त्यांच्या डोक्यावर तपकिरी काही नसतंच, डोळ्यामागे एक डाग तेवढा. होळीच्या सुमारास त्यांच्यावर चॉकलेटी टोपी चढते. दुर्दैवानं त्याच सुमारास होड्यांमधून त्यांना शेव आणि फरसाण भिरकावणंही जोरात असतं, फोटोत कुरव हाताजवळ यावेत म्हणून. तिबेट-लडाखच्या सरोवरांपर्यंत पोचायच्या तयारीत असलेल्या पक्ष्याला तळलेलं बेसन खायला घालणं मला बघवत नाही. सांगितलं की लोक हसतात.

हे सगळं कोण सुरू करतं? थंडी संपली, ऊन वाढलं, म्हणून पक्षी निघाले, असा आपला समज. कॅनडातल्या अल्बर्टात विल्यम रोवन या प्राध्यापकानं १९२० च्या दशकात तो खोटा ठरवला. त्यानं जुंको नावाचे छोटे पक्षी ऐन हिवाळ्यात, गोठवणाऱ्या थंडीत, उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले. काही पिंजऱ्यांत रोज संध्याकाळी विजेचे दिवे थोडे थोडे जास्त वेळ चालू ठेवले. बाहेर बर्फ असूनही त्या पक्ष्यांची प्रजननाची इंद्रियं वसंतात वाढावीत तशी वाढली. ऊब नव्हे, उजेड. दिवस मोठा होतोय हे त्यांच्या शरीराला कळलं होतं.

अल्बर्टात दिवस झपाट्यानं मोठा होतो. आपल्याकडे, पुण्याच्या अक्षांशावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस रोज जेमतेम मिनिटभरानं वाढतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. आणि इथे हिवाळा काढणाऱ्या पक्ष्यांच्या शरीरात एक वार्षिक घड्याळ आतूनही चालू असतं, त्याची वेळ हा उजेड जुळवून देतो. मग भूक वाढते. काही छोटे पक्षी लांबच्या उड्डाणाआधी चरबी साठवून वजन जवळपास दुप्पट करतात. पिंजऱ्यातले स्थलांतरी पक्षी या दिवसांत रात्री झोपत नाहीत, फडफडत राहतात, आणि त्यांची उडी बहुतेक वेळा त्याच दिशेला असते जिकडे त्यांना जायचं असतं.

भूक मात्र बांधावर बसूनही दिसते. थापट्यांचं बघा. हे बदक फावड्यासारखी चोच पाण्यात घालून एकमेकांच्या मागे गोल गोल फिरतं. पुढच्याच्या पायांनी ढवळून वर आलेलं मागचा गाळून खातो, त्याच्या पायांनी ढवळलेलं त्याच्या मागचा. वीस-तीस थापट्यांचं असं रिंगण सुरू झालं की मधलं पाणी हळूहळू फिरायला लागतं. डिसेंबरात हे थोडा वेळ चालतं आणि मोडतं. मार्चमध्ये मी पाण्याशी पोचते तेव्हा रिंगण चालू असतं, आणि डबा खाऊन निघते तेव्हाही चालूच.

तलवार बदकांची धांदल वेगळी. एक मादी, तिच्याभोवती पाच-सहा नर, माना ताठ करून, शेपट्या उचलून. कधी मादी उडते आणि सगळे नर तिच्यामागे आभाळात दोन चकरा मारून परत येतात. बऱ्याच बदकांच्या जोड्या हिवाळी मुक्कामावरच जुळतात, आणि मग नर मादीच्या मागोमाग तिच्या जन्मगावाकडे जातो. म्हणजे लग्न इंदापूर तालुक्यात आणि नांदायला नवरा बायकोच्या माहेरी. बरं, ही जोडी हंगामापुरतीच. पुढच्या हिवाळ्यात नवी मादी, नवं सासर, कदाचित आधीच्यापासून हजार-दोन हजार किलोमीटर लांब. बदकांची वंशावळ इतकी सरमिसळ का, त्याचं एक कारण हे घरजावईपण.

पट्टकादंब या बाबतीत अगदी उलटे. त्यांची जोडी जन्माची, आणि गेल्या उन्हाळ्यातली पिल्लंही सोबत. डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला हा राखी हंस उजनी, जायकवाडी, वीर अशा धरणांच्या काठावर दिसतो. रात्री पाण्यावर, सकाळी काठच्या गवतात किंवा हरभऱ्यात चरताना. शेतकऱ्यांना तो आवडायचं काही कारण नाही. त्याच्या परतीच्या वाटेत हिमालय आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रहाच्या टॅगवरून दिसलं की उत्तरेकडे जाताना हे हंस सात-आठ तासांत चार ते सहा हजार मीटरची चढण चढतात. मागून ढकलणाऱ्या वाऱ्याची वाटही बघत नाहीत. उलट, डोंगरउतारावरून वर वाहणारा दिवसाचा वारा सोडून ते रात्री आणि पहाटे उडणं पसंत करतात, कारण तेव्हा हवा थंड, दाट आणि शांत असते. पंखांना धरायला काहीतरी मिळतं, आणि दर श्वासाला प्राणवायूही जरा जास्त. पुढच्या नोंदींत एका हंसानं ७,२९० मीटर उंची गाठलेली आढळली, पण बहुतेकांचा कल शक्य तितक्या खालून, खिंडी-दऱ्यांना धरून जाण्याचा. एव्हरेस्टवरून उडणारा हंस ही गोष्ट ऐकायला छान वाटते. मला मात्र उंची उगाच न वाढवणारा, दरी दिसली की खाली उतरणारा आणि पुन्हा चढणारा हा व्यवहारी हंस जास्त पटतो.

आता पाण्याचं. हे पक्षी सायबेरियाचा आणि तिबेटचा वसंत धरून चालतात, पण मार्चमध्ये त्यांच्या पोटात काय पडेल हे पाटबंधारे खात्याचं आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडायची पाळी, ठरवतं. रब्बीचं, मग उन्हाळी. कालव्याला पाणी सुटलं की फुगवट्याची कड मागे सरकते आणि ओला चिखल उघडा पडतो. त्या चिखलात किड्यांच्या अळ्या, बारीक गोगलगायी, हे तुतवार, छोटे टिलवे अशा चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांचं सगळं भांडवल. ज्या आठवड्यांत त्यांना चरबी साठवायची असते, त्याच आठवड्यांत रोज नवा चिखल मिळत जाणं ही योगायोगानं जुळलेली गोष्ट आहे. दक्षिणेत, अगदी श्रीलंकेपर्यंत हिवाळा काढलेले थवेही परतताना अशाच पाण्यावर टेकतात. म्हणून मार्चमध्ये भुवई बदकं अचानक वाढलेली दिसली तर ती आपलीच असतील असं नाही. आपली कदाचित गेलीही असतील, आणि त्यांच्या जागी दुसरी मंडळी दोन दिवस विसावा घेत असतील. मागे सरकलेल्या पाण्याच्या मागोमाग लोकही उतरतात, गाळपेर करतात. काकडी, कलिंगड, चाऱ्याची मका. मार्चअखेर उजनीच्या कडेला पाणी, चिखल आणि हिरवे वाफे अशा तीन पट्ट्या दिसतात, आणि कुणाची हद्द कुठे संपते हे रोज बदलतं.

एक अडचणीची गोष्टही इथेच सांगायला हवी. उजनीच्या पाण्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून, भीमेतून येतं. हिरवा तवंग, वास, सगळं आहे. आणि त्याच सांडपाण्यातल्या खतावर ते बारीक जीव वाढतात, जे थापटे आणि रोहित गाळून खातात. पक्षी भरपूर म्हणजे पाणी निरोगी, असं मी पूर्वी सगळ्यांना सांगत असे. आता सांगत नाही.

जाण्याची खरी खबर कुणाकडे असते, तर मच्छिमारांकडे. भिगवणजवळच्या कुंभारगावात ज्यांच्या होडीतून मी जाते त्या मामांचं मूळ काम चिलापी धरण्याचं, पक्षी दाखवणं नंतर आलेलं. ते दिवेलागणीला जाळं टाकायला जातात आणि पहाटे काढायला. आम्ही पक्षीवाले नेमके या दोन वेळांच्या मध्ये उन्हात तिथे असतो. नऊ वाजल्यानंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते, दुर्बिणीतून बदकं वितळल्यासारखी दिसतात, आणि आम्ही म्हणतो, आज काही मजा नाही.

गेल्या मार्चमध्ये मामांना विचारलं, चक्रवाक आहेत ना अजून?

"न्हाईत ताई. परवा सांजच्याला लई गोंधळ घातला त्यांनी. एक थवा उठायचा, पाण्यावरनं चक्कर मारायचा, परत बसायचा. मग दुसरा उठायचा. अंधार पडल्यावर आवाज वर वर गेला. सकाळी जाळं काढाया आलो तर पाणी मोकळं."

"किती वाजता गेले असतील?"

"घड्याळ बगितलं न्हाई. पर वारं पडलं होतं आन् आभाळ निवळलं होतं. आदल्या दिशी ढग होतं ना, तवा न्हाई गेले."

मोठ्या पक्ष्यांच्या कितीतरी जाती सूर्यास्तानंतर थोड्या वेळात निघतात, स्वच्छ आभाळ आणि अनुकूल वारा पाहून निघतात, हे पुस्तकांत आहे. मामांच्या तीन वाक्यांत जी वाट बघणं आहे, ढगांची एक रात्र थांबणं आहे, ते मला पुस्तकात सापडलं नव्हतं. आणि ती वाट बघायला कारणही असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे आभाळ भरून येऊन गारा पडणं नवीन नाही. २०१४ साली तर गारपिटीनं राज्यभर शेतं आडवी केली. उघड्या पाण्यावर झोपणाऱ्या पक्ष्यानं तिच्यापासून लपायचं कुठे?

आपल्या देशात २००७ साली मायग्रंटवॉच नावाचा उपक्रम सुरू झाला होता. हिवाळी पक्षी आपल्या परिसरात पहिल्यांदा कधी दिसला ते सामान्य लोकांनी कळवायचं. पहिली तारीख कळवायला मजा येते. धोबी आला, लिहून टाकलं, मित्रांना मेसेज केला, झालं. शेवटची तारीख हा वेगळाच प्रकार आहे. धोबी १० एप्रिलला दिसला, तर ती शेवटची तारीख आहे हे १० एप्रिलला कुणालाच माहीत नसतं. ते कळायला १२ ला जावं लागतं, १५ ला जावं लागतं, २० ला जावं लागतं, आणि धोबी नाही असं दरवेळी लिहावं लागतं. उन्हात तासभर बसून 'नाही' लिहायला कोण जातं?

पण त्या 'नाही'ला किंमत आहे. उत्तरेकडे बर्फ लवकर वितळायला लागलाय, युरोपात कितीतरी पक्षी पूर्वीपेक्षा लवकर घरट्यांवर पोचताना दिसतात. आपल्याकडून निघणारे पक्षीही लवकर निघू लागलेत का? याचं उत्तर सायबेरियातून मिळणार नाही. ते आपल्याच पाझर तलावांच्या वह्यांमधून मिळणार, आणि त्या वह्या मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बंद होतात. आता इंटरनेटवर नोंदी करताना दिसलेले सगळे पक्षी लिहिले की न लिहिलेला पक्षी दिसला नाही असं धरता येतं, त्यामुळे हे काम सोपं झालंय. फक्त जावं लागतं.

म्हणून मी जाते. एप्रिलमध्ये पाझर तलावात पाण्यापेक्षा चिखल जास्त असतो आणि त्यावर पहिल्याच वर्षातले काही तुतवार मळक्या पिसांत हिंडत असतात. त्यांतल्या काहींना या वर्षी पिल्लं घालायची नसतात, मग एवढा प्रवास कशाला, म्हणून ते इथेच उन्हाळा काढतात. वारकरी पक्षी कमी झालेले, पण आहेत. टिटव्या अंगावर धावून येतात, म्हणजे अंडी जवळच असणार.

उजनीवर तर याच वेळी नदी सुरयांचा हंगाम असतो. पाणी ओसरून वर आलेल्या टेकाडांवर, उघड्या खड्यांत, ते अंडी घालतात. चोहोबाजूंनी पाणी आहे तोवर अंडी सुरक्षित. टेकाड काठाला जोडलं गेलं की कुत्री चालत येतात. त्यामुळे गेल्या एप्रिलअखेर मला अचानक एका प्रश्नात फार रस वाटायला लागला: पुढचं पाणी कधी सुटणार? ओळखीतून एका पाटकऱ्याचा नंबर मिळवला आणि फोन केला.

"उन्हाळी आवर्तन कधी सुटतंय?"

"अजून वरनं आदेश न्हाई. तुमचं भरणं कुठल्या चारीवर हाय?"

"माझं भरणं नाही. पाणी लवकर सोडलं तर नुकसान आहे, म्हणून विचारते."

"लवकर सोडलं तर नुकसान?" त्यांना हा प्रकार नवीन असावा. "कसलं पीक हाय ताई तुमचं?"

"अंडी आहेत."

"हां हां. पोल्ट्री व्हय!"